कुवेतचे अबू मिशारी

जहरानसाहेबांच्या खिडकीखाली लोक हसून जात होते, आणि हे एक-दोन दिवस नव्हे, चांगले तीन आठवडे चाललं होतं.

सकाळी दहाच्या सुमाराला बंदराच्या बाजूनं एक तरुण गाईड चार-सहा परदेशी पाहुणे घेऊन मस्कतच्या मत्राह भागातली ती चढाची गल्ली चढून यायचा, बरोबर जहरानसाहेबांच्या घराखाली थांबायचा, मान वर करून पहिल्या मजल्यावरच्या खिडकीकडे बघायचा आणि पाहुण्यांना काहीतरी सांगायचा. कधी जर्मनमध्ये, कधी इटालियनमध्ये. मग ती सगळी मंडळी, काठी टेकत आलेल्या आजीबाईसुद्धा, खिडकीकडे बघून हसायची. त्या हसण्यात टवाळी नव्हती. ओळखीच्या माणसाची खोड आठवल्यावर हसावं तसं ते घरगुती हसू होतं, आणि जहरानसाहेबांना तेच जास्त झोंबत होतं. परक्यानं टवाळी केली तर सोसता येते. परका घरच्यासारखा हसू लागला, म्हणजे त्याला घरातलं काहीतरी ठाऊक असलं पाहिजे.

जहरान बिन हारिब एकतीस वर्षं मस्कतच्या एका जमीन-नोंदणी कचेरीत होते. समोर येणारा प्रत्येक कागद खोटा आहे असं धरून चालायचं, आणि तो खरा निघाला तर मनातल्या मनात थोडं खट्टू व्हायचं, हा त्या नोकरीचा धर्म. निवृत्त झाल्यावर कागद यायचे थांबले, धर्म राहिला. ते कलिंगड चार बाजूंनी वाजवून बघत, अंडं दिव्यासमोर धरत, आणि दर सोमवारी नि बुधवारी बरका या गावी भावाच्या खजुराच्या बागेत जाऊन भाऊ झाडांना खरंच पाणी घालतो का, ते पाहून येत. भाऊ चाळीस वर्षं घालत होता.

"हसतात तर हसू द्या," त्यांची बायको जुवैना म्हणाली. "दात आहेत त्यांना."

"दात सगळ्यांनाच आहेत. माझ्याच खिडकीखाली का दाखवतात?"

"गल्ली चढून दम लागत असेल. थांबले की हसू येतं माणसाला."

हे जहरानसाहेबांना पटलं नाही. पहिला संशय त्यांनी स्वतःच्या नाकावर घेतला. खिडकीच्या लाकडी जाळीला नाक लावून ते खाली बघत, तेव्हा ते बाहेर येत असावं. दोन दिवस ते जाळीपासून वीतभर मागे उभे राहिले. लोक हसलेच. मग संशय गेला खिडकीत वाळत घातलेल्या हिरव्या चटईवर.

"ती चटई आत घे. आपली लक्तरं लोकांना कशाला?"

"दमट होते ती."

"रोज?"

"समुद्र रोज आहे," जुवैना म्हणाली आणि भाताचं पाणी बघायला गेली.

समोरच्या घरात खल्फान राहत असे. बंदरावर क्रेन चालवून निवृत्त झालेला, जहरानसाहेबांचा शाळासोबती. तो दिवसभर आपल्या पायरीवर बसून ये-जा करणाऱ्यांना सल्ले देई, आणि सल्ला ऐकणारा पुढं गेला की त्याच्या पाठीमागून सल्ल्यात दुरुस्ती करी. जहरानसाहेबांनी त्याला गाठलं.

"तू तर पायरीवरच असतोस. काय बोलतो रे तो पोरगा?"

"मला कुठं जर्मन येतं?"

"चेहऱ्यावरून काही कळत असेल."

"चेहऱ्यावरून बरा दिसतो. मुंधिर नाव त्याचं. सोड ना जहरान, कशाला खोलात जातोस?"

'सोड ना' म्हणणाऱ्या माणसाला काहीतरी माहीत असतं, हा अनुभव जहरानसाहेबांनी कचेरीत शेकडो वेळा घेतला होता. त्यांनी खल्फानचं नाव मनातल्या यादीत गाईडच्या खाली लिहिलं आणि थेट सरकारदरबारी जायचं ठरवलं.

पर्यटनाचं काम बघणाऱ्या एका कचेरीत ते सकाळी आठला पोचले. ज्या माणसानं एकतीस वर्षं लोकांना 'उद्या या' म्हटलं, त्याला काचेच्या अलीकडच्या बाजूला उभं राहणं फार अवघड जातं. अलीकडे खुर्ची नसते, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. पलीकडे इस्त्रीच्या दिशदाशातला, लांब झग्यातला, एक तरतरीत तरुण बसला होता.

"तक्रारीचा विषय काय लिहू, साहेब?"

"हसणे."

"कोणाचं?"

"पर्यटकांचं."

तरुणानं लेखणी खाली ठेवली. "साहेब, पर्यटक हसावेत म्हणूनच तर हे खातं काढलंय."

"माझ्या घराकडे बघून हसतात."

"मग गाईड काय बोलला ते लागेल. मूळ भाषेत, आणि खाली अधिकृत भाषांतर. शिक्क्यासह. भाषांतराशिवाय अर्ज अपूर्ण."

"पण तो काय बोलतो हे मला कळत नाही, हीच तर तक्रार आहे."

"तेही अर्जात लिहा," तरुण नम्रपणे म्हणाला. "पण अपूर्णच राहील."

जहरानसाहेब बाहेर पडले ते संतापानं आणि, खरं सांगायचं तर, थोड्या आदरानंही. उत्तर बिनचूक होतं. त्यांनी स्वतः अशी किती दिली होती.

युक्ती सुचली ती परतीच्या टॅक्सीत. हा मुंधिर ज्या कंपनीत होता तिची पाटी बाजाराच्या तोंडाशीच होती: दोन तासांची खासगी फेरी, आपल्या भाषेत, पंचवीस रियाल. आपण एकट्यासाठी फेरी घ्यायची. अरबीतून. गाईडला आपल्याच घराखाली आणून उभं करायचं आणि म्हणायचं, हं, आता बोल. घरी येऊन त्यांनी दार लावून फोन केला.

"अरबी बोलणारा गाईड हवा, आणि तो मुंधिरच हवा."

"आपलं नाव?" पलीकडची मुलगी म्हणाली.

एवढ्या साध्या प्रश्नाची तयारी त्यांनी केली नव्हती. खरं नाव सांगावं तर डाव फुटणार. खोलीत टीव्हीवर कुवेतची मालिका चालू होती, एक म्हातारा आपल्या मुलावर ओरडत होता. "अबू मिशारी," जहरानसाहेब म्हणाले. "कुवेतहून."

"पासपोर्ट नंबर?"

"तिजोरीत आहे. हॉटेलच्या."

"कुठलं हॉटेल?"

त्यांनी खिडकीतून जे दिसत होतं त्याचं नाव सांगितलं. माणूस कागदावर खोटं लिहायला लागला की ते असं पायरी-पायरीनं लिहीत जातो, हे ते नवशिक्या कारकुनांना नेहमी सांगत.

मुलीनं फेरीत काय-काय आहे ते वाचून दाखवलं. मासळीबाजार, धक्का, किल्ल्याचा पायथा, जुना बाजार, "आणि शेवटी ओमानी घरात कॉफी."

"कुणाच्या घरात?"

"ते गाईड ठरवतो. जुनं घर असतं. अगदी खरं कुटुंब."

'अगदी खरं' हे शब्द ऐकताच जहरानसाहेबांचे कान टवकारले. खरा दस्तऐवज आपण खरा आहोत असं कधी म्हणत नाही. ते तडक खल्फानकडे गेले.

"यात फसवणूक आहे. ओमानी घर म्हणे. एखादं घर भाड्यानं घेतलं असणार, आणि त्यात बायकोही भाड्यानं बसवली असणार."

खल्फानला कॉफीचा ठसका लागला. तो बराच वेळ खोकत राहिला. मग डोळे पुसून म्हणाला, "तुला जायचंच आहे का?"

"सोमवारी. जुवैनाला वाटेल बरक्याला गेलोय."

"सोमवारी," खल्फान म्हणाला. त्यानं गल्लीच्या वरच्या टोकाकडे पाहिलं, खालच्या टोकाकडे पाहिलं. मग त्याच्यातला सल्लागार जागा झाला. "मग नीट जा. हा तुझा गोंडेवाला दिशदाशा नि ही टोपी बघून कुणीही सांगेल, हा मत्राहचा. माझ्या भाच्यानं कुवेतहून आणलेला झगा आहे, कॉलरवाला. पांढरा रुमाल आहे, काळी दोरी आहे. आणि ती दाढी काळी कर. पांढऱ्या दाढीचा जहरान सगळ्या गावाला माहीत आहे. काळ्या दाढीचा कुणाला आठवतोय?"

सल्ला इतका चांगला होता की जहरानसाहेबांना त्याचाही संशय आला. पण दुसरा नव्हता.

सोमवारी सकाळी ते नेहमीप्रमाणे घरातून निघाले, जुवैनाकडून भावासाठी लोणच्याची बरणी घेतली आणि गल्लीला वळसा घालून खल्फानच्या मागच्या दारानं आत शिरले. खल्फानची बायको शम्सा घरी नव्हती. "बहिणीकडे गेलीय," खल्फान भिंतीकडे बघत म्हणाला. न्हाणीघरात त्यानं दाढीला रंग चोपडला. क्रेन चालवणाऱ्याच्या हाताला बारीक कामाची सवय नसते, त्यामुळे थोडा कानाला आणि मानेलाही लागला. आरशात जहरानसाहेबांना तीस वर्षांपूर्वीचा, डाव्या कानानं काळा असलेला एक माणूस दिसला.

हॉटेलच्या लॉबीत गाईडची वाट बघत बसायचं होतं. बसण्यासाठी काहीतरी मागवावं लागतं म्हणून त्यांनी चहा मागवला. चहा आला आणि त्याच्यामागून एक खराखुरा कुवेती गृहस्थ आला.

"सलाम. आपल्याकडचेच दिसता," तो आनंदानं समोर बसत म्हणाला. "कुठल्या घराण्यातले?"

जहरानसाहेबांना मालिकेतल्या म्हाताऱ्याचं घराणं आठवेना. "आम्ही... बाहेरच्या बाजूचे."

"बाहेरच्या म्हणजे? जहरा गावाकडचे?"

"त्याच्याही बाहेरचे."

"त्याच्याबाहेर वाळवंट आहे," कुवेती विचारात पडून म्हणाला, आणि त्यांच्या डाव्या कानाकडे बघू लागला. तेवढ्यात दारात मुंधिर आला. आयुष्यात कुणाला पाहून जहरानसाहेबांना इतकं बरं वाटलं नव्हतं, आणि ज्याला पाहून वाटलं तो नेमका आरोपी होता.

जवळून मुंधिर पंचविशीचा, हसऱ्या डोळ्यांचा मुलगा निघाला. टोपी नीट, नखं स्वच्छ, छातीवर परवान्याचं कार्ड. जहरानसाहेबांनी कार्ड हातात घेऊन उलटं-सुलटं पाहिलं, मुदतीची तारीख वाचली, फोटो चेहऱ्याशी ताडला.

"काका, परवाना बरोबर आहे ना?" मुंधिर हसत म्हणाला.

"शिक्का थोडा पुसट आहे," जहरानसाहेब म्हणाले. मुंधिरचं हसू तिथून जरा कमी झालं.

मासळीबाजारात मुंधिरनं किंगफिश आणि ट्यूना दाखवले, भाव खरे सांगितले. धक्क्यावर त्यानं जुन्या गलबतांची गोष्ट सांगितली, तीही बरी होती. जहरानसाहेब चुकीची वाट बघत होते. चूक सापडत नाही तसा त्यांचा संशय वाढत होता, कारण इतका बिनचूक माणूस काहीतरी मोठं लपवत असतो. अखेर किल्ल्याच्या पायथ्याशी मुंधिर म्हणाला, "गावाची जुनी तटबंदी इथून सुरू व्हायची."

"तिथून," जहरानसाहेबांच्या तोंडून गेलं. "चौदा पावलं पलीकडून. या दुकानाचा पायाच तिच्या दगडावर आहे. नोंद आहे तशी."

मुंधिर थांबला. "काका कुवेतला असता ना?"

"वाचन आहे थोडं."

त्यानंतर मुंधिर त्यांना 'काका' म्हणेना. 'साहेब' म्हणू लागला, आणि गोष्टी सांगताना मध्येच थांबून त्यांच्याकडे बघू लागला. आता संशय दोन्ही बाजूंनी चालू झाला होता. बाजारात शिरल्यावर त्यात भर पडली. हलवेवाला हमदान कढईवरून मान वर करून म्हणाला, "काय जहरानसाहेब, हे डोक्यावर काय बांधलंय? घरी कुणाचं लग्न आहे?"

"चेहऱ्यासारखे चेहरे असतात," जहरानसाहेब कुवेती सुरात म्हणाले आणि पुढं झाले. अत्तरवाल्यानं सलाम केला. चांदीवाल्यानं गुडघेदुखीची चौकशी केली. मापाड्यानं तर रस्ता अडवून आपल्या वडिलोपार्जित भिंतीच्या अर्जाचं काय झालं म्हणून विचारलं. जहरानसाहेब 'मी कुवेतचा' म्हणत सगळ्यांना कटवत राहिले.

बाजार संपल्यावर मुंधिर घड्याळाकडे बघून म्हणाला, "साहेब, फेरी इथंच संपवू या. कॉफी धक्क्यावर घेऊ. छान जागा आहे."

"ओमानी घर?"

"आज जमणार नाही बहुतेक."

"यादीत आहे."

"आहे, पण..."

"यादीत आहे ते झालं पाहिजे," जहरानसाहेब म्हणाले, आणि आवाज नकळत कचेरीतला निघाला. "की घर नाहीच?"

"आहे साहेब. घर आहे." मुंधिरच्या कपाळावर घाम आला होता. त्यानं मनाशी काहीतरी ठरवलं आणि चालू लागला.

तो डावीकडे वळला. मग उजवीकडे. मग ती चढाची गल्ली आली. आपल्या घराखाली थांबून हा काय बोलणार ते ऐकायला जहरानसाहेबांनी श्वास रोखला. मुंधिरनं वर खिडकीकडे पाहिलं. आज तिथं चटई नव्हती. तो काहीच बोलला नाही, सरळ दार ढकलून जिना चढू लागला, आणि जहरानसाहेब स्वतःच्या जिन्यात पाहुण्यासारखे उभे राहिले. खल्फान समोरच्या पायरीवर नव्हता. निवृत्त झाल्यापासून पहिल्यांदा.

वर दार जुवैनानं उघडलं.

"कुवेतचे अबू मिशारी," मुंधिर म्हणाला. तिनं मुंधिरकडे पाहिलं. मग पाहुण्याकडे पाहिलं. रुमाल, काळी दोरी, कॉलर, दाढी, आणि मग अंमळ जास्त वेळ डावा कान. तिच्या चेहऱ्यावरची एक सुरकुती इकडची तिकडे झाली नाही.

"या," ती म्हणाली. "कुवेतहून आलात? दमला असाल. आपलंच घर समजा."

आत शम्सा बसली होती. बहिणीकडे गेलेली. तिनं पाहुण्याच्या रुमालाकडे टक लावून पाहिलं. "हा रुमाल कुठंतरी पाहिलाय," ती पुटपुटली.

"कुवेतचे रुमाल सगळे सारखेच असतात," जुवैना म्हणाली. "खजूर आण."

जहरानसाहेबांना पाहुण्यांच्या बाजूला, दाराकडे पाठ करून बसवलं गेलं. या बाजूला ते कधी बसले नव्हते. इथून खोली वेगळीच दिसत होती. गाद्यांना नवे अभ्रे होते. कोपऱ्यात लोबान जळत होता. मधोमध भिंतीवर त्यांचाच फोटो होता, चांगल्या कामाचं प्रशस्तिपत्र घेतानाचा.

जुवैनानं छोट्या कपात कॉफी ओतली. त्यांनी ती प्यायली. तिनं पुन्हा ओतली.

"हे यजमान का?" ते फोटोकडे बघत म्हणाले.

"हो. बागेत गेलेत. सोमवार ना."

"स्वभावानं कसे आहेत?"

शम्सा जोरात खोकली.

"माणूस सोन्यासारखा," जुवैना म्हणाली. "फक्त सोनं दिसलं की दाताखाली धरून बघायची सवय आहे. पाहुणा आला की दारातच विचारणार, कुठून, कशाला, किती वेळ. भाचा लग्नाची पत्रिका द्यायला आला, तर तारीख चंद्राशी जुळते का ते बघत बसले, त्याला बसायला सांगायचं राहिलं. लोक हळूहळू यायचे थांबले. मुली लग्न होऊन एक सोहारला, एक निजवाला. मग दोन वर्षं आमच्या दाराशी पाचवी चप्पल दिसली नाही."

तिनं तिसरा कप भरला. पुरे झालं की कप हलवायचा, हे जहरानसाहेबांच्या लक्षातच राहिलं नव्हतं. ते पीत होते, ती ओतत होती.

"मग हे कसं सुरू झालं?"

"एका सोमवारी हा मुलगा दोन म्हाताऱ्या बायकांना घेऊन चालला होता. एकीला उन्हानं चक्कर आली. मी वर आणलं, कॉफी दिली. जाताना तिनं माझा हात धरला तो सोडेचना. मी मुलाला म्हटलं, पुन्हा आण कुणाला. सोमवार-बुधवार."

"आणि पैसे?"

"कसले? पाहुण्याचे?" तिनं इतक्या सरळ आश्चर्यानं विचारलं, की जहरानसाहेबांना तो प्रश्न तोंडातून परत घ्यावासा वाटला.

"यजमानांना सांगितलं नाहीत?"

"सांगणार होते. पण ते आधी त्या चक्कर आलेल्या बाईचा पासपोर्ट मागतील. ते घरी असले की मी खिडकीत चटई टाकते. चटई दिसली की हा पाहुण्यांना सांगतो, आज घरधनी घरात आहेत, कॉफी बाजारात प्यायची. हसतात सगळे. म्हणतात, प्रत्येकाच्या घरी एक असतो."

मुंधिरला आता राहवेना. तो गुडघ्यांवर पुढं सरकला.

"साहेब, काकूंचा यात काही दोष नाही. घरात पाहुणे न्यायला वेगळी परवानगी लागते हे मला ठाऊक होतं. मी घेतली नाही. पहिल्यांदा तुम्ही परवाना तपासलात तेव्हाच मी ओळखलं, तुम्ही खात्याकडून आलात. बाजारातली सगळी माणसंही तुम्हाला ओळखून आहेत. माझा परवाना घ्या, पण काकूंचं नाव कुठं लिहू नका."

जहरानसाहेबांनी त्याच्याकडे वळून पाहिलं. ते वळले तसा त्यांचा चेहरा बरोबर भिंतीवरच्या फोटोखाली आला. मुंधिरची नजर चेहऱ्यावरून फोटोवर गेली. फोटोवरून चेहऱ्यावर आली. तीच काळी दाढी, तेच नाक. त्यानं हातातला कप अतिशय हळू खाली ठेवला.

"मी खात्याचा नाही," जहरानसाहेब म्हणाले. "मी कुवेतचा पाहुणा आहे."

"हो," मुंधिर कसाबसा म्हणाला. "कुवेतचे. दिसताच आहात."

जुवैनानं मध्येच उठून पत्र्याचा एक बिस्किटांचा डबा आणला. आत रंगीत चित्रांची कार्डं होती, बर्फाची, चर्चची, गाईंची. "पाहुणे पाठवतात, शम्साच्या पत्त्यावर," ती म्हणाली. "हे परवा आलंय. तुम्हाला इंग्रजी येतं का? हा मुलगा वाचतो, पण घाईत अर्धं गिळतो. आणि आमच्या घरात ज्यांना येतं, त्यांना दाखवता येत नाही."

जहरानसाहेबांनी कार्ड घेतलं. सवयीनं आधी शिक्का पाहिला, तारीख पाहिली. मग वाचू लागले, एकेक वाक्य अरबीत लावत.

"प्रिय जुवैना. आमच्याकडे आता बर्फ आहे. तुमच्या घरी बसले ती वीस मिनिटं मी इथं सगळ्यांना सांगते. तुम्ही हात धरून ठेवू दिलात. तुमच्या यजमानांना माझा सलाम सांगा. त्यांच्या गोष्टी ऐकताना मला माझा फ्रान्झ आठवला. तो झोपण्याआधी दाराचं कुलूप तीनदा बघायचा, मी चिडायची. त्याला जाऊन सहा वर्षं झाली. आता मीच तीनदा बघते."

शेवटच्या वाक्याला त्यांचा कुवेती सूर कुठच्या कुठे गेला. शम्सानं ओढणीचं टोक डोळ्याला लावलं. जुवैनानं कार्ड परत घेतलं, डब्यात जागच्या जागी ठेवलं आणि सातवा कप भरला.

तेव्हा कुठं जहरानसाहेबांना आठवण झाली आणि त्यांनी कप हलवला.

"बरं आहे तर," ते उठत म्हणाले. "कॉफी चांगली होती."

"पुन्हा या," जुवैना म्हणाली. जिना उतरताना त्यांना वर बायकांची कुजबुज ऐकू आली. मग शम्साचा आवाज: "अगं, तो आमच्याच घरातला रंग आहे." आणि मग दोघींचं अगदी तसंच घरगुती हसू, जसं ते तीन आठवडे खिडकीतून ऐकत होते.

मुंधिर त्यांना हॉटेलपर्यंत पोचवायला आला. दाराशी तो घुटमळला. "काका, बुधवारी पाच जणांची फेरी आहे. सांगून टाकू का त्यांना, की कॉफी बाजारात?"

"त्या घरच्या बाईंना विचार," जहरानसाहेब म्हणाले. "मी परका माणूस. आणि ती परवानगी काढून घे. अर्ज पूर्ण भर. मोकळी जागा सोडलीस तर परत पाठवतात."

दुपारी दोनला, नेहमीच्या वेळी, ते घरी आले. स्वतःचा दिशदाशा, स्वतःची टोपी. दाढीला मात्र इलाज नव्हता. खल्फाननं साबणानं घासून बघितली होती, त्यानं फक्त साबण काळा झाला. लोणच्याची बरणी तशीच हातात होती.

जुवैनानं ताट वाढलं. मासा, भात, लिंबू. त्यांच्या दाढीकडे शांतपणे पाहिलं.

"बरक्याला ऊन होतं?"

"फार."

"उन्हानं पांढरी होते असं ऐकलं होतं."

ते खाली मान घालून भात कालवत राहिले. ती समोर बसली.

"आज एक पाहुणे येऊन गेले," ती म्हणाली. "कुवेतचे. अबू मिशारी म्हणून."

"असं?" त्यांचा घास हातातच राहिला. "कसे होते?"

"बरे वाटले. प्रश्न फार विचारतात. पण बसून ऐकून घेतलं. कॉफी मात्र सात कप प्यायले."

"कुवेतच्या लोकांना पोच नसते."

"पत्र छान वाचलं त्यांनी."

बराच वेळ दोघंही जेवत होते. बंदरात एका जहाजाचा भोंगा वाजला.

"मला भेटले ते वाटेत," जहरानसाहेब म्हणाले. "पुन्हा यायचं म्हणत होते. पण त्यांना संकोच वाटत होता. यजमान घरी असताना आलं तर चालेल का, असं विचारत होते. आणखी कुणाला बरोबर आणलं तर."

जुवैनानं त्यांच्या ताटात माशाचा मधला तुकडा ठेवला.

"मी काय सांगणार?" ती म्हणाली. "यजमानांना विचारावं लागेल."

"विचार की," जहरानसाहेब म्हणाले. "आत्ता घरीच आहेत."